एकोणतीसची कंबर

ताईंचं शिवणकामाचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक लांबट खोली. दारातून आत गेलं की डाव्या हाताला दोन मशिनं, उजवीकडे कापायचं टेबल, आणि सगळ्यात मागे पडदा लावलेला कोपरा. त्या पडद्यामागे वस्तीतल्या निम्म्याअधिक बायकांनी गेल्या एकतीस वर्षांत श्वास आत ओढून पोटं लपवली आहेत. ताई म्हणायच्या, "सोडा हो श्वास. टेप काय म्हणते ते मी बघते."

आणि त्या बघायच्याच. कसं, ते आधी सांगायला हवं. माप घेताना ताई तोंडाने सांगायच्या मागचा आकडा, आणि वहीत लिहायच्या आजचा. चौतीसची बाई छत्तीस झाली असली तरी ताई खणखणीत आवाजात म्हणणार, "चौतीस! आहात तशाच आहात." पेन्सिल मात्र छत्तीस लिहून मोकळी. कपडा छत्तीसचा शिवला जायचा, अंगाला बरोब्बर बसायचा, आणि बाई आरशासमोर दोनदा गिरकी घेऊन खुशीत घरी. कुणाचं काय बिघडलं? ही रीत त्यांना ज्या म्हाताऱ्या उस्तादांनी शिकवली, ते म्हणत, "गिऱ्हाईक आपल्याकडे कपडा घ्यायला येतं, निकाल ऐकायला नाही." ताईंना ते पटलं होतं. अहो, कुणालाही पटेल.

वही मात्र खरी. लांबट, कापडी पुठ्ठ्याची, प्रत्येकाला एक पान आणि प्रत्येक मापाला तारीख. ती वही ताईंशिवाय कुणी उघडायची नाही असा दंडकच होता.

त्या वहीतलं एक पान चिमीचं. चिमी म्हणजे ताईंची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा चिमी पाच वर्षांची आणि ताई वीसच्या. ताईंनी तिला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, अभ्यासाला बसवलं, आणि एका चित्रकलेच्या मास्तरांशी तिचं लग्न लावून दिलं. स्वतः लग्न केलंच नाही. का, असं कुणी विचारलंच तर ताईंची कात्री जरा जोरात चालायची आणि विचारणारा गप्प बसायचा.

चिमी टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. कचेरीचा निळा गणवेश, कंबरेत बसता आणि गुडघ्याच्या खालपर्यंत. दर वर्षी दोन नवे, ताईंच्याच हातचे. अंगाने इतकी हलकी की चिमणी हे नाव लहानपणी चिकटलं ते चिकटलंच, त्याचं झालं चिमी. कंबर एकोणतीस, दंड अकरा. सात वर्षं त्या पानावर हेच आकडे एकाखाली एक उतरलेले होते.

मग मात्र एका दुपारी ताईंनी टेप फिरवली आणि टेपेचं टोक काही एकोणतीसच्या खुणेला जाऊन भेटेना. साडेतीस.

आता ही काही परकी बाई नव्हती, सख्खी बहीण होती. सांगता आलं असतं. पण त्याच सकाळी कचेरीतल्या साहेबांनी चारचौघांत म्हटलं होतं, "आमच्या चिमणीची कोंबडी झाली बरं का!" आणि सगळी खिडकी खो-खो हसली होती. चिमी पडद्यामागे उभी राहून ते सांगत होती. हसत सांगत होती, पण हनुवटी थरथरत होती. ताईंच्या तोंडून सवयीने शब्द निघून गेला, "एकोणतीस. त्याला म्हणावं, स्वतःच्या ढेरीला कचेरीचा शिक्का मार आधी. आहेस तशीच आहेस, चिमे."

चिमीने डोळे पुसले आणि ती खरंच हसली. त्या हसण्यासाठी ताईंनी पुढे अडीच वर्षं ते एकोणतीस चालवलं.

चालवलं म्हणजे काय, तर जिवाचा आटापिटा केला. "तुझी बटणं सैल झालीत, ठेवून जा," असं म्हणून कपडे मागून घ्यायच्या, शिवण उसवायच्या, आतलं जादा कापड सोडायच्या, पुन्हा शिवून इस्त्री फिरवायच्या. नवा गणवेश नव्या मापाने बेतायच्या, वर आत दोन बोटं कापड राखून ठेवायच्या. अंगावरच्या कपड्यावरून कुणाला संशय येऊ नये. खुद्द चिमीलाही नाही. वहीत मात्र एकोणतीसच्या खाली साडेतीस, बत्तीस, चौतीस असे आकडे पायऱ्या चढत गेले.

आणि शेजारची दंडाची रांग उतरत होती. ती ताईंना सतावत होती. कंबर वाढली की दंड वाढतो. किती वाढतो हे शिवणाऱ्याच्या बोटांना पाठ असतं. कंबर दोन इंच वाढली तर बाहीला अर्धा इंच तरी द्यावाच लागतो. इथे कंबर फुगत होती आणि दंड अकराचा साडेदहा झाला होता. ताईंना वाटलं, टेप ताणली गेली. जुन्या टेपा ताणतात. त्यांनी नवी टेप आणली, लोखंडी पट्टीला लावून तपासली, पुन्हा मोजलं. साडेदहाच. एकतीस वर्षांत असं अंग त्यांनी पाहिलं नव्हतं. कुणाला विचारावं तर कंबरेचं बिंग आधी फुटणार. त्यांनी पेन्सिलीने साडेदहा लिहिलं, बाहीची शिवण आत घेतली, आणि तोंडातून ब्र काढला नाही.

पुढचं पडद्यामागे त्यांना दिसतच गेलं. चिमीचा चेहरा वाटोळा आणि लालबुंद झाला. बायका म्हणायच्या, "तब्येत मानवली गं!" टेपेच्या पत्र्याचं टोक जरा टोचलं तरी हातावर निळा डाग पडायचा आणि आठ-आठ दिवस जायचा नाही. एकदा कपडा वर सरकला तेव्हा पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे दिसले. चिमीने झटकन कपडा खाली ओढला. ताईंनी खडू शोधायचं सोंग केलं. त्या क्षणी दोघी बहिणींनी मिळून डोळेझाक केली, असं म्हणायला हरकत नाही.

घरी मास्तर सरळ मनाचे. ते म्हणायचे, "अगं, तेच कपडे होतात ना तुला? मग कसली जाड? तोंडाला सूज असेल." चौकातल्या डॉक्टरांनीही विचारलं, "कपडे घट्ट होतात का?" चिमी म्हणाली, "नाही, तेच होतात." डॉक्टरांनी खाणं कमी करा, चाला, असं सांगितलं. मग रक्तदाब निघाला, त्याला एक गोळी. मग साखर निघाली, तिला दुसरी. झोप लागत नाही, तिसरी. पाळी महिनोन् महिने यायची नाही, ते वयावर ढकललं, आणि बाईचं वय तेव्हा होतं अवघं छत्तीस! चिमी उकडलेल्या भाज्या खात होती, अर्धपोटी उठत होती, तरी वजनाचा काटा पुढेच. ऑफिसात कुणी तिच्या डब्यात डोकावून म्हणायचं, "घरी जाऊन चोरून खात असशील." ते ऐकून ताईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण बोलणार काय? बोलायचं ते तर त्यांनीच वहीत कोंडून ठेवलं होतं.

मग तो पार्सलाचा दिवस आला. चिमी खालच्या फळीवरचं पार्सल काढायला बुटक्या स्टुलावर बसली आणि तिला उठताच येईना. मांड्यांत जोरच नव्हता. खिडकीसमोर रांग उभी, लोक माना वाकड्या करून बघतायत, आणि ही जमिनीलगत बसून फळीला धरून धडपडतेय. दोघा शिपायांनी काखेत हात घालून तिला उभं केलं, तेवढ्यात बरगडी मोडली. फक्त उचलल्याने! हाडांच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि ते म्हणाले, "या वयात इतकी ठिसूळ हाडं? हे माझं काम नाही. ग्रंथींच्या डॉक्टरांना दाखवा."

ग्रंथींच्या डॉक्टर म्हणजे एक ठेंगणी, शांत बाई. मोठ्या रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मास्तरांची शाळा असल्यामुळे चिमीबरोबर ताई गेल्या होत्या. डॉक्टरांनी अंगाला लावायची मलमं विचारली, दम्याचे फवारे विचारले, अंग फुगवणाऱ्या कसल्या पुड्या कुठून आणून खाता का विचारलं. काहीच नव्हतं. जुने-नवे फोटो मागितले. चिमीने तीन वर्षांत स्वतःचा एक फोटो काढू दिला नव्हता.

"बरं, अंगात बदल कधीपासून? कपडे?"

"कपडे तेच होतात," चिमी म्हणाली. "माझी बहीण शिवते. विचारा तिला."

डॉक्टर ताईंकडे वळल्या. चिमीही वळली. तिच्या चेहऱ्यावर किती विश्वास होता म्हणून सांगू! ताईंनी नजर डॉक्टरांच्या टेबलावर वळवली. त्या म्हणाल्या, "होतात."

एवढंच. एक शब्द.

एक तपासणी झाली. रात्री झोपताना एक गोळी घ्यायची आणि सकाळी रक्त द्यायचं. आठवड्याने डॉक्टरांनी कागद पाहून सांगितलं, "आकडा जरासा वर आहे, काठावर. नुसत्या लठ्ठपणात, काळजीने, झोप नसली तरी एवढा वाढतो. बदल कधी आणि कसा झाला हे नीट कळलं असतं तर वेगळं. आता हाडांचं औषध सुरू करू आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघू."

जिना उतरताना चिमी कठड्याला दोन्ही हातांनी धरून एकेक पायरी खाली टाकत होती. मधेच थांबून दम घेत म्हणाली, "ऐकलंस ना? काही नाहीच मला. मीच आळशी, ताई. मीच खाते जास्त."

त्या रात्री ताईंचा डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलंच नाही. वही पिशवीत घातली आणि रुग्णालयाच्या बाकावर जाऊन बसल्या. नाव नोंदवलेलं नव्हतं, त्यामुळे सगळे पेशंट संपेपर्यंत बसल्या. डॉक्टर पर्स खांद्याला लावून बाहेर पडल्या तेव्हा ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काल... म्हणजे त्या दिवशी मी खोटं बोलले."

डॉक्टर परत आत गेल्या आणि दिवा लावून बसल्या. पानावर बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेल्या. कंबर एकोणतीस, साडेतीस, बत्तीस, चौतीस, साडेछत्तीस. दंड अकरा, पावणेअकरा, साडेदहा, दहा, साडेनऊ. प्रत्येकाला तारीख.

"दंडाचं हे माप नक्की?"

"टेप लोखंडी पट्टीला लावून तपासलीय," ताई म्हणाल्या. एवढं एक वाक्य त्या मान वर करून बोलल्या.

"जाडीत दंड उतरत नाही, बाई. हे स्नायू झिजतायत. पोट वाढतंय आणि हातपाय वाळतायत, तेही तारीखवार." डॉक्टरांनी चष्मा काढला. "नाकाच्या मुळामागे, मेंदूच्या खाली, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. पीयूष ग्रंथी. तिच्यात कधीकधी बारकीशी गाठ होते. कर्करोग नव्हे. पण ती सारखा हुकूम सोडत राहते, आणि शरीर कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक नको इतकं बनवत बसतं. त्यातून हे सगळं. रक्तदाब, साखर, हाडं, उदासपणा, सगळं एकाच ठिकाणचं. असंच सोडलं तर साध्या तापानेही माणूस हातचं जातं. सहा महिने थांबायचं नाही. उद्यापासून तपासण्या."

मग त्यांनी विचारलं, "हे आकडे बहिणीला माहीत आहेत?"

ताईंनी नकारार्थी मान हलवली.

"त्यांना कळायला हवं. मी सांगू शकते. पण तुम्ही सांगितलेलं बरं."

चिमीच्या घरी मधल्या खोलीत खाटेवर ती बरगडीला पट्टा बांधून उशीला टेकलेली होती. ताईंनी वही तिच्या मांडीवर उघडी ठेवली. लांबण लावली नाही. "मी तुला दर वेळी खोटं माप सांगितलं. कपडे मी चोरून उसवत होते. डॉक्टरांना मी हे आधी सांगितलं असतं तर तुझी बरगडी..."

चिमीने वही जवळ ओढली. बोटाने एकेक आकडा दाबत खाली आली.

"मला काय आरसा नव्हता?" ती शेवटी म्हणाली. आवाज अगदी साधा होता, त्याचीच ताईंना भीती वाटली. "मी वाढलेय हे मला कळत नव्हतं का? पण सगळं जग मला हसत होतं, आणि तू एकोणतीस म्हणायचीस. मला वाटायचं, निदान एकीला तरी मी होते तशी दिसते. त्या एका शब्दासाठी मी तुझ्याकडे यायचे गं. आणि तू पाठमोरी होऊन वहीत हे लिहीत होतीस."

"चिमे..."

"हसणारे बरे. ते तोंडावर तरी हसायचे." तिने वही मिटली. "जा तू."

ताई गेल्या. पुढचे दोन महिने बहिणीच्या आयुष्यात काय चाललंय ते त्यांना मास्तरांकडून कळायचं. मास्तर शाळेतून घरी जाताना दुकानाच्या दारात एक पाय ठेवून सांगायचे, दुसरा पाय रस्त्यावरच. दोन वेळा दिवसभराची लघवी डब्यात साठवून दिली. झोपायच्या वेळी कापसाची गुंडाळी चघळून थुंकी दिली. सगळे आकडे चढेच आले. मग एमआरआय झाला, त्यात काहीच धड दिसलं नाही.

"दिसलं नाही म्हणजे?" ताईंनी कात्री खाली ठेवली.

"डॉक्टर म्हणाल्या, इतक्या बारीक गाठी चित्रात लपतात. आता दोन्ही जांघांतून बारीक नळ्या डोक्यापर्यंत नेणार आणि ग्रंथीच्या दोन्ही बाजूंचं रक्त काढणार. हुकूम तिथूनच सुटतोय की आणखी कुठून, ते त्यावरून कळेल."

ताई त्या दिवशी एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच शिवून बसल्या. आठवड्याने मास्तर आले ते दोन्ही पाय आत टाकूनच. तिथूनच सुटतोय. गाठ डाव्या अंगाला असावी. नाकातून ऑपरेशन. धोके शल्यविशारदांनी मोजून सांगितले होते. नाकातून मेंदूचं पाणी गळू शकतं, नजरेला इजा होऊ शकते, ग्रंथीची बाकीची कामं बंद पडू शकतात, आणि एवढं करून गाठ सापडलीच नाही असंही होऊ शकतं. मास्तरांना शाळेच्या परीक्षांमुळे सुट्टी मिळत नव्हती. दिवसा दवाखान्यात बसायला कुणी तरी हवं होतं.

"मी विचारलं तिला," मास्तर मान खाली घालून म्हणाले. "ती म्हणाली, ताईला येऊ दे. पण बोलायला सांगू नका."

ऑपरेशन साडेतीन तास चाललं. शल्यविशारद बाहेर आले आणि बोटाच्या चिमटीत काही नसलेलं धरून म्हणाले, "टाचणीच्या डोक्याएवढी." ताईंनी नकळत स्वतःच्या पदरातली टाचणी चाचपली. एवढीशी! आयुष्यभर त्या अशा टाचण्या ओठांत धरून काम करत आल्या होत्या.

चिमीच्या नाकात बोळे, डोळे सुजलेले, तोंडाने श्वास. परिचारिकेने ताईंच्या हातात एक तक्ता दिला. या ऑपरेशननंतर कधीकधी लघवी बेसुमार होते आणि अंगातलं पाणी संपतं, म्हणून प्यायलेला प्रत्येक घोट आणि झालेली लघवी मापून लिहायची. मापाचं भांडं, पेन, तक्ता. ताई दिवसभर डोळ्यांत तेल घालून मोजत होत्या. चिमी भिंतीकडे तोंड करून पडलेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीकडूनच आवाज आला. नाक बंद असल्याने जड. "किती लिहिलंस?"

"चारशे," ताई म्हणाल्या.

"दाखव."

ताईंनी तक्ता नेला. चिमीने तो घेतला, मग हात पुढे केला. तिला भांडंही हवं होतं. ते डोळ्यांसमोर धरून तिने खूण बघितली, तक्त्यावरचा आकडा बघितला, दोन्ही परत दिले आणि पुन्हा भिंतीकडे वळली. ताई बाहेरच्या नळावर भांडं धुवायला गेल्या आणि पाणी सोडून रडल्या. अडीच वर्षांत जे कमावलं असं त्यांना वाटत होतं, त्याची किंमत चिमीने भांड्याच्या खुणेवर तपासून घेतली होती, आणि तिचं काही चुकलंही नव्हतं.

सकाळच्या रक्ताचा निकाल आला तेव्हा ग्रंथींच्या डॉक्टर स्वतः वॉर्डात आल्या. कॉर्टिसॉल जवळजवळ नाहीच. "उत्तम!" त्या म्हणाल्या. "गाठ गेली याची हीच खूण. आता उरलेली ग्रंथी झोपलेली आहे, ती जागी होईपर्यंत गोळ्या घ्यायच्या. गोळी चुकवायची नाही. एकही नाही. आणि पहिले काही महिने फार वाईट जातील, हे आत्ताच सांगून ठेवते."

वाईट म्हणजे किती, ते घरी गेल्यावर कळलं. नको इतक्या कॉर्टिसॉलवर तीन वर्षं चाललेलं शरीर ते एकदम काढून घेतल्यावर कोलमडलं. सांधे दुखायचे, मळमळायचं, हातावरची कातडी सुटायची, कपडे बदलायचेही त्राण नसायचे. "आजारी होते तेव्हा बरी होते," असं चिमी मास्तरांना म्हणायची. ताई रोज डबा घेऊन जायच्या, गोळ्यांची डबी तपासायच्या, धुणं वाळत घालायच्या. चिमी "ठेव तिथे" म्हणायची. कधी तेवढंही नाही. तिचे कपडे आता कंबरेला ढगळ व्हायला लागले होते. ताईंना ते दिसायचं, पण एकाही कपड्याला त्यांनी हात लावला नाही.

दुकानात मात्र एक गोष्ट झाली. ताई खरं माप मोठ्याने सांगायला लागल्या. वस्तीत हाहाकार! एक बाई म्हणाली, टेपच खोटी आहे. दुसरी अर्धा शिवलेला झगा उचलून चालती झाली, ती आजतागायत फिरकली नाही. ताईंनी कानाला खडा लावला होता. "साडेअडतीस," त्या म्हणायच्या, "मागच्या वेळी सदतीस होती," आणि समोरची हिरमुसली तरी तोच आकडा तिच्या देखत वहीत लिहायच्या.

ऑपरेशननंतर अकरा महिन्यांनी, दुपारच्या वेळी, दारात सावली पडली. चिमी. कुणाचाही हात न धरता आलेली. चेहरा जुना नव्हता, पण ओळखीचा होता. गालांचा लालपणा गेला होता.

"सोमवारपासून कामावर जाते," ती म्हणाली. "गणवेश हवाय. माप घे."

ताई टेप शोधायला लागल्या. टेप गळ्यातच होती. चिमी बुटक्या स्टुलावर बसली, चपला काढल्या, आणि मांड्यांवर हात टेकवून का होईना, आपली आपण उठली. ताई ते बघत उभ्या राहिल्या. मग चिमीने टेबलावरची वही ओढली, आपलं पान काढलं आणि पेन्सिल उचलली.

"तू बोल. मी लिहिते."

पडदा ओढलेला नव्हता. ताईंनी कंबरेभोवती टेप फिरवली. चिमीने श्वास आत घेतला नाही, नेहमीसारखी उभी राहिली. टेपेचं टोक खुणेला भेटलं. ताईंची जीभ सवयीने वर उचलली गेली. "एकोण..." आणि त्या थांबल्या. चिमी पेन्सिल कागदावर टेकवून वाट बघत होती. घाई करत नव्हती.

"साडेएकतीस," ताई म्हणाल्या.

चिमीने लिहिलं. "दंड?"

ताईंनी दंडाभोवती टेप घेतली. एकदा बघितलं. पुन्हा सोडून पुन्हा घेतली.

"किती, ताई?"

"पावणेअकरा."

पेन्सिल थांबली. चिमीने मान वळवून टेपेवरची खूण स्वतः पाहिली. मग वरच्या ओळी पाहिल्या. साडेनऊच्या खाली तिने पावणेअकरा लिहिलं, तारीख घातली, आणि दुसऱ्या हाताने आपला दंड एकदा दाबून बघितला. ताई डोळे पुसत होत्या, आणि ते लपवत नव्हत्या.

"आत जादा कापड ठेवू नकोस," चिमी म्हणाली. "डॉक्टर म्हणाल्या, ही गाठ परत येऊ शकते. दर वर्षी तपासायचं. पण तुझ्या टेपेला त्यांच्या आधी कळेल." तिने पेन्सिल खाली ठेवली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ताईंच्या डोळ्यांत बघितलं. "परत वाढले, तर सांगशील?"

"सांगेन."

"रडले तरी?"

"रडलीस तरी सांगेन, चिमे. मोठ्याने सांगेन."

चिमीने चपला घातल्या. ताईंनी टेप गळ्यात टाकली, निळं कापड टेबलावर पसरलं आणि साडेएकतीसच्या मापाने खडूची पहिली रेघ मारली.